इमर्जन्सी नर्सने हॉस्पिटल कसं निवडावं: जाहिरात वाचण्यापासून सही करेपर्यंत

मुलाखतीला सकाळी अकरा वाजता गेलात की हॉस्पिटलचं अकराचं रूप दिसतं. नोकरी मात्र पहाटे तीनच्या हॉस्पिटलमध्येही करायची असते. त्या वेळी ट्रायजला (कोणाला आधी तपासायचं हे ठरवण्याच्या जागी) कोण बसलेलं असतं, वरच्या मजल्यावरचे डॉक्टर फोन उचलतात का, दोन ॲम्ब्युलन्स एकदम आल्या तर मदतीला कोण धावतं, आणि चूक झाली तर सकाळी तुमच्याशी कोण, कसं बोलतं, यावर तुमची पुढची दोन-तीन वर्षं ठरतात. पगार, नाव, इमारत यांना किंमत नाही असं नाही. पण ती माहिती आपोआप समोर येते. पहाटे तीनची माहिती खणून काढावी लागते.

माझी पहिली निवड साफ चुकली होती. मोठं नाव, चकचकीत काउंटर, आणि ‘आठवड्याच्या आत जॉइन व्हा’ अशी घाई. त्या घाईचा अर्थ तेव्हा कळला नाही. सहाव्या दिवशी नाइटला मला ट्रायजला एकटीला बसवलं. पोटात जळजळ होते म्हणून आलेल्या एका गृहस्थांना मी बाकावर थांबायला सांगितलं. त्यांच्या पत्नीने तिसऱ्यांदा येऊन ‘यांना घाम फुटलाय’ असं सांगितलं, तेव्हा कुठे ईसीजी निघाला. ते वाचले. नंतरच्या चौकशीत मला ईसीजीला उशीर का झाला हे चार जणांनी विचारलं. सहा दिवसांच्या नर्सला तिथे एकटं कुणी बसवलं, हे एकानेही विचारलं नाही. खाली दिलेले बरेचसे प्रश्न त्या रात्रीतून आलेले आहेत.

पायरी १: आधी स्वतःची पातळी कागदावर लिहा

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या वाटचालीचे पाच टप्पे मांडले, अगदी नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत. त्यातली कामाची गोष्ट अशी की वॉर्ड बदलला की अनुभवी नर्ससुद्धा काही पायऱ्या खाली येते. आयसीयूत सहा वर्षं काढलेली सिस्टर व्हेंटिलेटर डोळे मिटून लावेल, पण निदान नसलेले बारा रुग्ण समोर बसलेले असताना आधी कोणाला उचलायचं, हे तिलाही नव्याने शिकावं लागतं.

म्हणून आधी दोन याद्या करा. एकीत आज एकटीने, कुणाला न विचारता करता येणारी कामं: अवघड शिरेत आयव्ही, ईसीजीतला धोका ओळखणं, सीपीआरमध्ये औषधांची बाजू सांभाळणं, लहान मुलाचा डोस काढणं. दुसरीत शेजारी कुणीतरी हवं अशी कामं. दुसरी यादी मोठी असेल तर तुम्हाला शिकवणारं ठिकाण हवं, मग पगार थोडा कमी का असेना. पहिली मोठी असेल तर तुम्हाला अधिकार देणारं ठिकाण हवं. तिथे नुसती शिकवणी मिळाली तर सहा महिन्यांत कंटाळाल.

घरची बाजूही याच कागदावर लिहा. महिन्याला किती नाइट झेपतात, सलग बारा तास जमतात का, रात्री दोनला सुटलात तर घरी कसे जाणार. या गोष्टी नंतर जमवून घेऊ असं म्हणणाऱ्यांचे राजीनामे मी बरेच पाहिले आहेत.

पायरी २: कोणत्या प्रकारची इमर्जन्सी हवी ते ठरवा

‘खूप पेशंट येतात’ आणि ‘खूप सिरियस पेशंट येतात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसाला तीनशे रुग्ण असलेल्या ठिकाणी अडीचशे ताप, जखम आणि मुरगळलेला पाय असू शकतात. चाळीस रुग्णांच्या ठिकाणी रोज पाच जण थेट रिससिटेशन बेडवर, म्हणजे जीव वाचवण्याचे उपचार लगेच सुरू होतात तिथे, जात असतील. त्यामुळे आकडा विचारलात की लगेच पुढचं विचारा: त्यातले ॲडमिट किती होतात, आयसीयूत किती जातात?

मोठ्या ट्रॉमा (गंभीर जखमींच्या) सेंटरमध्ये टीमचं काम शिकायला मिळतं. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, मोठ्याने आज्ञा, मोठ्याने उत्तर. मात्र शिकाऊ डॉक्टर भरपूर असलेल्या हॉस्पिटलात बरीच प्रोसिजर त्यांच्याकडे जातात आणि नर्सचा हात कमी वळतो. लहान हॉस्पिटलात याच्या उलट. रात्री एक डॉक्टर, दोन नर्स. रक्त तुम्हीच काढता, नेब्युलायझर तुम्हीच लावता, ॲम्ब्युलन्सला फोनही तुम्हीच करता. तिथली नर्स स्वतःच्या पायावर लवकर उभी राहते, पण आधार नसेल तर तितक्याच लवकर मोडते. अशा ठिकाणी एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा: इथे होणार नाही असा रुग्ण पुढे कुठे पाठवता, निघायला साधारण किती वेळ लागतो, आणि ॲम्ब्युलन्समध्ये सोबत कोण जातं? उत्तर ‘नर्स जाते’ असेल तर मागे उरलेल्या रुग्णांकडे कोण पाहतं, हेही विचारून घ्या.

फक्त मुलांचं किंवा फक्त हृदयाचं हॉस्पिटल नवख्यांनी पहिल्या नोकरीसाठी शक्यतो टाळावं, असं माझं मत आहे. हात एकाच बाजूला वळतो. अनुभवींना मात्र ते छान.

पायरी ३: अर्जाआधी चौकशी

एकच जाहिरात दर दोन महिन्यांनी दिसते का पाहा. इमर्जन्सीत माणसं येत-जात राहतातच, पण जागा कायमच रिकामी राहत असेल तर कारण आत आहे. तिथून सोडून गेलेल्या एकाशी आणि तिथे टिकून असलेल्या एकाशी बोला. फक्त सोडून गेलेल्यांचं ऐकलं तर सगळी हॉस्पिटलं नरक वाटतील.

त्यांना ‘कसं आहे?’ विचारू नका, ‘बरं आहे’ असं उत्तर येईल. ‘मागच्या आठवड्यात किती वेळा ड्यूटी वेळेवर संपली?’, ‘शेवटची वाईट नाइट कशी गेली?’ असं विचारा, मग माणसं बोलायला लागतात. ॲम्ब्युलन्सचे कर्मचारी तर खजिनाच. ते सगळ्या हॉस्पिटलांच्या दारात जातात, आणि कुठे स्ट्रेचर तासभर अडकून पडतं, कुठे सिस्टर पुढे येऊन पेशंट ताब्यात घेतात, हे त्यांना तोंडपाठ असतं.

पायरी ४: रेशोचा आकडा सोलून पाहा

नर्समागे रुग्ण किती, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि सगळीकडे छान उत्तर मिळतं. तुलनेसाठी एक मोजपट्टी हाताशी ठेवा. कॅलिफोर्नियात २००४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार इमर्जन्सीत एका नर्समागे जास्तीत जास्त चार रुग्ण, अतिगंभीर असतील तर दोन, आणि गंभीर ट्रॉमाला एकास एक. ट्रायजची नर्स या हिशेबात धरत नाहीत. जगात बहुतेक ठिकाणी असा कायदा नाही, त्यामुळे चाराचे सहा होणं नवल नाही. पण चाराचे दहा होत असतील तर आपण कशात पाऊल टाकतोय हे आधी कळलेलं बरं.

हा हट्ट फक्त नर्सच्या सोयीसाठी नाही. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. तो सर्जरीच्या रुग्णांचा होता, इमर्जन्सीचा नव्हे, तरी लक्षात ठेवण्यासारखा आहे. नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सला बर्नआउट येण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

आता सोलायचं कसं? आकडा मिळाला की पाठोपाठ चार गोष्टी विचारा. या हिशेबात इन्चार्ज सिस्टर धरली आहे का? ट्रायजची नर्स धरली आहे का? एक जण जेवायला गेली की तिचे पेशंट कोणाकडे जातात? आणि कुणी अचानक रजा टाकली तर जागा भरते, की उरलेल्या वाटून घेतात? कागदावरचा एकास पाच या चार प्रश्नांनंतर पुष्कळदा एकास आठ होतो.

पाचवा प्रश्न वेगळा लिहिते, कारण नव्या लोकांना तो सुचतच नाही. ॲडमिशन झालेले, पण वर बेड नाही म्हणून इमर्जन्सीतच पडून राहिलेले रुग्ण किती असतात? त्यांना बोर्डर म्हणतात. व्हेंटिलेटरवर असलेला, बीपीची औषधं पंपावर चालू असलेला बोर्डर आणि बोटाला टाके घालायला आलेला तरुण, कागदावर दोघेही ‘एक पेशंट’ असतात. बोर्डरचं आयसीयूचं काम करता करता दारातून नवे येतच राहतात. म्हणून विचारा: बोर्डरसाठी वेगळी नर्स येते का? वॉर्डची नर्स खाली येते का? ‘आमच्याकडे बोर्डर नसतातच’ असं कुणी म्हटलं तर फार खूष होऊ नका. पुढच्या पायरीत स्वतः जाऊन पाहायचंच आहे.

पायरी ५: एक शिफ्ट उभं राहून पाहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. निरीक्षणासाठी चार तास, जमल्यास संध्याकाळचे, येऊ का असं सरळ विचारा. रुग्णांच्या गोपनीयतेमुळे काही ठिकाणी लेखी परवानगी लागते, ते रास्तच आहे. पण कारण न देता ‘गरज नाही’ म्हणत असतील तर मी दोनदा विचार करेन. अगदीच जमलं नाही तर दोन तास वेटिंग हॉलमध्ये बसा. तेवढ्यातही बरंच कळतं.

ट्रायजपासून सुरुवात करा. कोणती पद्धत वापरतात ते विचारा. मँचेस्टर पद्धतीत पाच रंग असतात: लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी १० मिनिटं, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. इमर्जन्सी सिव्हिरिटी इंडेक्समध्येही पाच पातळ्या आहेत. वरच्या दोन रुग्णाच्या अवस्थेवर ठरतात आणि खालच्या तीन मुख्यतः किती तपासण्या-उपचार लागतील यावर. पद्धत कोणतीही असो, ती वापरली जाते का ते पाहायचं. भिंतीवर रंगीत तक्ता आणि प्रत्यक्षात आरडाओरडा करणाऱ्याचा नंबर आधी, हे दृश्य दुर्मीळ नाही. बाकावर बसलेल्यांना मधूनमधून कुणी पुन्हा तपासतं का, हेही बघा. ट्रायज एकदा करून संपत नाही. पिवळा रुग्ण बसल्याबसल्या लाल होतो, हे मी फार महाग शिकले.

मग नर्सला स्वतःहून काय करता येतं ते पाहा. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी दारात आल्यापासून १० मिनिटांत निघावा, हा सर्वमान्य दंडक आहे. तो पाळायचा तर नर्सला डॉक्टरांच्या सहीची वाट न पाहता ईसीजी काढता यायला हवा. तसंच साखर कमी असलेल्याला ग्लुकोज, श्वास लागलेल्याला ऑक्सिजन, तापलेल्या मुलाला वजनानुसार पॅरासिटामॉल. यासाठी लेखी स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेल्या कायमच्या सूचना, आहेत का? असतील तर ते हॉस्पिटल नर्सच्या डोक्यावर विश्वास ठेवतं आणि तुमच्या पाठीशी कागद असतो. तोंडी ‘तुम्ही देऊन टाका, डॉक्टर सही करतील’ अशी पद्धत असेल, तर ज्या दिवशी डॉक्टर सही करणार नाहीत त्या दिवशी तुम्ही एकट्या.

क्रॅश कार्टकडे, म्हणजे जीव वाचवण्याची औषधं आणि साधनं ठेवलेल्या गाड्याकडे, चला. सील लावलेलं आहे का, तपासणीच्या वहीत आजची सही आहे का, की एकाच पेनाने एकाच बैठकीत आठवडाभराच्या सह्या ठोकल्यात? डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) चार्जिंगला लावलेला आहे का? सक्शन चालू करून दाखवाल का, असं हसत हसत विचारा. पटकन चालू झालं तर उत्तम. नळी शोधायला ड्रॉवर उघडू लागले, तर सीपीआर चालू असतानाही तसंच होणार.

हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्ण पुढच्या नर्सकडे सोपवतात तेव्हा, नक्की थांबा. चांगली ओव्हर बेडजवळ होते. रुग्ण कोण, का आला, आता कसा आहे, काय बाकी आहे, हे ठरलेल्या क्रमाने सांगतात आणि घेणारी नर्स प्रश्न विचारते. पंपावरचं औषध आणि त्याचा वेग दोघी मिळून पाहतात. वाईट ओव्हर काउंटरवर, कोट चढवता चढवता होते.

आता कान द्या. डॉक्टर नर्सला नावाने हाक मारतात का? कुणी ‘सर, हा डोस जास्त वाटतोय’ असं म्हटलं तर पुढे काय होतं? हे चार तासांत एकदा तरी घडतंच, छोट्या प्रमाणात का होईना. डॉक्टर थांबून पुन्हा पाहत असतील तर बाकीच्या दहा उणिवा मी माफ करेन. शेवटी स्टाफ रूममध्ये डोकवा. उघडलेले, निम्मे खाऊन तसेच राहिलेले डबे किती आहेत, यावरून रेशोचा खरा आकडा कळतो.

पायरी ६: शिकवण्याचं खरं-खोटं

ओरिएंटेशन किती आठवड्यांचं, हे विचारून भागत नाही. त्या काळात माझी गणती स्टाफमध्ये होणार का, हे विचारा. शिकणारी नर्स पहिल्याच दिवसापासून रोस्टरवर पूर्ण माणूस म्हणून धरली असेल तर ते ओरिएंटेशन नव्हे. ठरलेली एक प्रिसेप्टर (सोबत राहून शिकवणारी अनुभवी नर्स) असते, की जी मोकळी सापडेल ती? आणि ट्रायजला किती महिन्यांनी बसवता? नवख्याला पहिल्याच महिन्यात ट्रायज देणारं ठिकाण तुमचं कौतुक करत नसतं, त्यांच्याकडे दुसरं कुणी नसतं.

बीएलएस, एसीएलएस, पीएएलएस (जीव वाचवण्याच्या उपचारांचे मूलभूत, प्रगत आणि लहान मुलांसाठीचे कोर्स) आणि ट्रॉमाचे कोर्स कोण भरतं, त्या दिवशी ड्यूटी धरतात की रजा जाते, हे लगेच विचारून घ्या. मोठा अपघात किंवा लहान मुलाचा मृत्यू झाला की नंतर टीम एकत्र बसते का, हेही.

पायरी ७: तुमची सुरक्षितता

इमर्जन्सीत नर्सवर हात उचलला जातो, जगभर. त्यामुळे ‘इथे मारहाण होते का?’ न विचारता ‘शेवटची मारहाण झाली तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारा. सुरक्षारक्षक दारावर असतो की बोलावल्यावर येतो, पॅनिक बटण आहे का, दाबल्यावर किती वेळात माणसं पोहोचतात, तक्रार हॉस्पिटल करतं की नर्सने एकटीने करायची. ‘नातेवाईक आहेत, समजून घ्यावं लागतं’ एवढंच उत्तर आलं तर ती जागा सोडा.

सुई टोचली तर? एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. रविवारी पहाटे तीनला सुई टोचली तर पहिली गोळी कोण देणार, कपाट कुठे आहे, चावी कुणाकडे? या एका प्रश्नावर मी एका मुलाखतीत समोरच्या तिघांना एकमेकांकडे बघताना पाहिलंय. हिपॅटायटिस बीची लस हॉस्पिटल देतं का, तेही विचारा.

पायरी ८: मुलाखतीत तुम्हीही मुलाखत घ्या

एचआरशी बोलणं वेगळं आणि इमर्जन्सीच्या इन्चार्जशी बोलणं वेगळं. इन्चार्जची भेट झाल्याशिवाय होकार देऊ नका. तिला दोन प्रश्न विचारले तरी पुरेत. ‘मागच्या वर्षी किती जणी सोडून गेल्या आणि का?’ आणि ‘शेवटची औषधाची चूक झाली तेव्हा काय केलंत?’ दुसऱ्याच्या उत्तरात ‘कुणी केली’ आधी येतं की ‘कशामुळे झाली’, ते ऐका. सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या शेजारी होत्या म्हणून कप्पे बदलले, असं काही सांगणारी इन्चार्ज मिळाली तर पगारात थोडं कमी-जास्त चालवून घ्या. ‘आमच्याकडे चुका होत नाहीत’ म्हणणाऱ्यांकडे चुका लपवल्या जातात.

पायरी ९: सही करण्यापूर्वी

बॉण्ड आहे का, किती काळाचा, मोडल्यास काय. मूळ कागदपत्रं ठेवून घेत असतील तर निघून या. ओव्हरटाइमचे पैसे मिळतात की बदली सुटी. इमर्जन्सीसाठी घेऊन दुसऱ्या वॉर्डात पाठवू शकतात का. नाइटनंतर किमान किती तासांची विश्रांती. रोस्टर किती दिवस आधी लागतं, आणि पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकतात की उलट्या. उलट्या पाळ्यांना शरीर सहज सरावत नाही. तोंडी कबूल केलेलं सगळं पत्रात नाहीतर निदान ईमेलवर घ्या.

दोन-तीन ठिकाणांहून बोलावणं आलं तर गुण देऊन बेरीज करत बसू नका. बेरजेत पगाराचे आठ गुण, असुरक्षित ट्रायजचा शून्य झाकून टाकतात. ज्यांच्याशिवाय जाणारच नाही अशा तीन गोष्टी आधी ठरवा. माझ्या तीन: शिकताना स्टाफमध्ये गणती नाही, लेखी स्टँडिंग ऑर्डर, आणि ‘डोस जास्त वाटतोय’ म्हणता येणं. तुमच्या वेगळ्या असतील. त्यांत जे बसत नाही ते बाजूला काढा आणि उरलेल्यांत मग खुशाल पगार बघा.

आणि हातात एकच पत्र असेल, तेही फारसं बरं नसेल आणि नोकरीची गरज असेल तर? बहुतेकांची हीच स्थिती असते. जा, पण सही करण्याआधी एकच गोष्ट मागून घ्या: पहिले सहा महिने ट्रायजला एकटं बसवणार नाही, असं इन्चार्जकडून ईमेलवर. माणसं कमी असलेली हॉस्पिटलं पगार वाढवणार नाहीत, पण असं एखादं वाक्य लिहून देतात. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: आज काय एकटीने केलं, कोणत्या वेळी किती रुग्ण होते, कधी मदत मागितली आणि कोण आलं. रुग्णाचं नाव-नंबर त्यात लिहायचं नाही. तीन महिन्यांनी ती वही पायरी १ मधल्या दोन याद्यांशेजारी ठेवून वाचा. दुसरी यादी थोडीही लहान झाली नसेल तर अर्ज लिहायला घ्या.